कृत, कारित, अनुमोदित

रोज सकाळी पावणेदहाला आमच्या मधल्या खोलीचं दार लागतं आणि माझ्या लेकीची सभा सुरू होते. कंपनी पुण्याची, माणसं चार-पाच गावांची, आणि ही बेळगावात खिडकीपाशी टेबल टाकून बसलेली. सभा 15 मिनिटांची. तिला ‘स्टँडअप’ म्हणतात, कारण मुळात ती उभ्यानं करायची असते. उभं राहिलं की माणूस पाल्हाळ लावत नाही. प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या : काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय. दाराच्या अलीकडे मी भाजी निवडत असते. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडतंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात आलं, आमच्या महिला मंडळाच्या सभा अशा 15 मिनिटांत आटपल्या तर किती जणींच्या घरचा स्वयंपाक वेळेवर होईल!

पुढं पुढं मी तिला खोदून विचारायला लागले. बी.ए.ला मराठी घेतलेल्या आईला समजावून सांगायचं म्हणजे तिचीही परीक्षाच. ती म्हणाली, “आई, पूर्वी काय करायचे, तर सगळं आधी कागदावर ठरवायचे. मग वर्ष-दोन वर्षं खोलीत बसून सॉफ्टवेअर बनवायचे आणि एकदम गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, हे असं नको होतं मला.”

मला लगेच कळलं. शिंप्यानं एकदाही धावदोऱ्यावर घालून न बघता ब्लाउज थेट शिवून हातात ठेवावा, तसं ते. दंडाला घट्ट, गळ्याला सैल, आणि कापड तर कापून झालेलं.

यावर तोड काढायला 2001 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरातल्या गावी 17 जण जमले. सतराही पुरुष, हे ऐकून मला हसू आलं. तिथं त्यांनी एक छोटा जाहीरनामा केला आणि आपल्या रीतीला ‘अजाइल’ म्हणजे चपळ असं नाव दिलं. चार मूल्यं, बारा तत्त्वं. थोडं थोडं करायचं, दाखवायचं, चुकलं तर लगेच सुधारायचं, आणि नियम-अवजारांपेक्षा माणसांना व त्यांच्या आपसातल्या बोलण्याला जास्त मोल द्यायचं, असा त्याचा सारांश. बाराव्या तत्त्वाशी मात्र मी थांबले. ते असं, की टीमनं ठरावीक काळानं थांबून स्वतःकडे बघायचं, आपलं काम अधिक चांगलं कसं होईल ते शोधायचं आणि त्याप्रमाणे आपलं वागणं बदलायचं.

लेकीच्या टीममध्ये हा काळ दोन आठवड्यांचा आहे. कामाच्या त्या टप्प्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात आणि शेवटी मागं वळून बघायच्या बैठकीला ‘रेट्रो’. दोन आठवडे म्हणजे आपला एक पक्ष. आपल्या सात प्रतिक्रमणांत दैवसिक, रात्रिक यांच्या पुढचं पाक्षिक प्रतिक्रमण याच अंतरानं येतं. मी उत्साहानं तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आई, आता तू असं नको म्हणू की आपल्याकडे हे सगळं आधीपासूनच होतं.”

तसं मी म्हणणार नाही. रेट्रोत काम कसं सुधारेल ते बघतात, प्रतिक्रमणात आत्म्याला लागलेला दोष बघतात. एक नोकरी, एक साधना. दोन्हींची सरमिसळ केली तर दोन्हींचा अपमान होतो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात असं काही घडलं, की या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींसमोर येऊन बसल्या. अजून उठायला तयार नाहीत.

झालं असं. तिच्या टीमनं एका शुक्रवारी गिऱ्हाइकाला नवा भाग चालू करून दिला. ऑनलाइन खरेदीचे पैसे भरायचा भाग. शनिवारी सकाळी तक्रारी सुरू झाल्या. काही लोकांचे एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले गेले होते. पैसे भरताना नेट अडकलं आणि माणसानं पुन्हा बटण दाबलं, तर ती दुसरी खरेदी नव्हे, पहिलीच आहे, हे ओळखायचं त्या कोडमध्ये राहून गेलं होतं. दोन रात्री ही पोरं जागी होती. पैसे परत गेले, दुरुस्ती झाली.

तो भाग लिहिला होता टीममधल्या सर्वांत नव्या मुलानं. नोकरीला लागून आठ महिने झालेले. पण त्यांच्यात एक रीत आहे. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचून ‘अप्रूव्ह’ केल्याशिवाय पुढं जात नाही. अप्रूव्ह केलं की नावापुढं हिरवी खूण उमटते. त्या मुलाच्या कोडवरची हिरवी खूण माझ्या लेकीची होती.

सोमवारी रेट्रो झाली. संध्याकाळी ती जेवायला बसली आणि नुसती भाकरी मोडत राहिली.

“कुणी बोललं का तुला?” मी विचारलं.

“कुणीच काही बोललं नाही, आई. रेट्रोत नाव घ्यायचं नसतं. कोण चुकलं ते विचारायचं नाही, काय चुकलं ते बघायचं. ‘टेस्टिंग कमी पडलं’ अशी चिठ्ठी बोर्डावर लागली, चार जणांनी मान डोलावली, संपलं.”

“मग बरंच झालं की.”

“बरं कुठलं? चारशे ओळी होत्या. मी वरवर बघितल्या आणि दाबून टाकलं. ते कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना वाटतंय मी नीट वाचलं आणि तरी माझ्याही नजरेतून सुटलं. सुटणं वेगळं आणि न बघणं वेगळं.”

आणि खरा काटा पुढं होता. मॅनेजरनं तिच्याकडे त्या मुलाबद्दल लेखी मत मागितलं होतं. त्याची नोकरी पक्की करायची की नाही, हे त्यावरून ठरणार होतं. “त्यानं जास्त काळजीपूर्वक काम करायला हवं, असं लिहिलं तर ते खोटं नाही,” ती म्हणाली. “पण आई, ते खरं तरी आहे का?”

नाव न घेण्याचा हा नियम मी नीट समजून घेतला. नॉर्मन कर्थ नावाच्या गृहस्थांनी 2001 सालीच अशा बैठकांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात एक मुख्य सूत्र घालून दिलं. बैठकीला बसताना प्रत्येकानं मनापासून असं मानायचं, की त्या वेळी जेवढं माहीत होतं, जेवढं बळ आणि जी साधनं हाताशी होती, त्यात प्रत्येकानं आपल्या परीनं उत्तमच काम केलं आहे.

आधी मला याचा राग आला. वरवर बघून बटण दाबणं हे ‘आपल्या परीनं उत्तम’ कसं? आपल्याकडे कर्म टीमला लागत नाही. ते एकेका जीवाला लागतं. दहा जणांनी मिळून केलं म्हणून कुणाच्या वाट्याचा बंध दहावा हिस्सा होत नाही. मग ही कसली सोय, की सगळ्यांनी मिळून चुकायचं आणि कुणीच चुकायचं नाही?

रागाच्या भरात मी हे बोलून गेले आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एकोणीस वर्षांपूर्वीचा चौका आठवला.

तेव्हा आमच्या बस्तीत एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. चौका लावायचा म्हणजे काय असतं, ते आपल्या बायकांना सांगायला नको. पहाटेपासून सोवळ्यात उभं राहायचं. पाणी गाळणारी एक, दळणारी एक, चुलीपाशी एक, ताट लावणारी एक. आणि शोधन करणारी एक. महाराजांच्या ओंजळीत जाण्याआधी प्रत्येक पदार्थ बोटांनी मोकळा करून, डोळ्यांत तेल घालून बघणारी. त्या दिवशी शोधन माझ्याकडे होतं. मुगाची डाळ केली होती गल्लीतल्या एका घरच्या नव्या सुनेनं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तिच्या. केस घट्ट बांधून वर फडकं गुंडाळलेलं, मला अजून दिसतं.

महाराज आहाराला निघाले तशी दारात धांदल उडाली. पडगाहनाला सगळे उभे. महाराज आपल्या दाराशी थांबतात की पुढं जातात, याच्याकडे सगळ्यांचे डोळे. माझेही. शोधन करणारीचे डोळे ताटात हवेत. माझे दारात होते. महाराज थांबले. “झालं का शोधन?” कुणीतरी विचारलं. “झालं,” मी म्हटलं. मग मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध, असं आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं सांगितलं.

चौथ्या-पाचव्या घासाला ओंजळीत केस निघाला. अंतराय.

महाराजांनी ओंजळ सोडली, हात धुतले आणि निघून गेले. दिवसातून एकदाच अन्न आणि एकदाच पाणी; आता दोन्ही दुसऱ्या दिवशी. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. त्यांच्या लेखी तो त्यांच्याच अंतराय कर्माचा उदय. कुणाची चूक, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

विचारलं ते आम्ही बायकांनी. एक वडीलधाऱ्या बाई त्या सुनेला म्हणाल्या, “डाळ तूच केलीस ना गं? एवढं साधं सोवळं पाळता येत नाही?” ती रडायला लागली. पुढं कित्येक वर्षं ती चौक्यात आली की लांबूनच भांडी द्यायची, अन्नाला हात लावायची नाही. केस कुणाचा होता ते कुणालाच ठाऊक नाही. पण ताट बघून ‘झालं’ कुणी म्हटलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. पोरीला पोटाशी धरून “असू दे गं, होतं असं” म्हटलं, तेवढंच. माझी माया सगळ्यांना दिसली.

आता सांगा, माझ्या लेकीपेक्षा मी काय वेगळं केलं?

त्या रात्री एक गोष्ट मला स्पष्ट झाली. महाराजांनी कुणाचं नाव विचारलं नाही, ही त्यांची क्षमा होती. तिच्या आडोशाला लपायची परवानगी त्यांनी मला दिली नव्हती. नाव न घेण्याचा नियम बाकीच्यांसाठी असतो. माझं नाव बाकीच्यांनी घेऊ नये. मी मात्र ते स्वतः घ्यावं. रेट्रोच्या नियमाचाही अर्थ हाच असला पाहिजे. ती जागा मोकळी ठेवलेली असते, ती ज्याची त्यानं येऊन भरावी म्हणून. आपण ती रिकामीच सोडून घरी येतो आणि म्हणतो, कुणी काही बोललं नाही.

पण हे आईनं सांगणं सोपं आहे. नोकरी तिची आहे.

दुसऱ्या दिवशी लेकीनं मला हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांची हकिकत सांगितली. विद्यार्थिदशेत त्या रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करत होत्या. औषधं देण्यात होणाऱ्या चुका मोजायच्या होत्या. ज्या गटांत एकोपा जास्त तिथं चुका कमी, असं निघेल अशी त्यांची अपेक्षा. आकडे आले ते उलटे : चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त! विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं, की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या ठिकाणी भीतीपोटी दडपल्या जात होत्या. जिथं चूक सांगितली तर माणूस उघडा पडत नाही, त्या वातावरणाला त्यांनी 1999 सालच्या आपल्या निबंधात ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटलं.

ऐकताना मला आमच्या स्वाध्यायातली ‘भगवती आराधना’ आठवली. शिवार्यांनी त्यात आलोचना ऐकणाऱ्या आचार्याचे गुण सांगितले आहेत, त्यातला एक ‘अपरिस्रावी’, म्हणजे ज्याच्यातून काही पाझरत नाही असा. शिष्यानं सांगितलेला दोष त्याच्यापाशीच जिरतो. असा ऐकणारा नसेल तर सांगणारा कसा सांगेल? तेव्हा रेट्रोत नाव न घेण्याच्या नियमावरचा माझा राग निवळला. त्या नियमानं निदान पाझरायच्या फटी बुजवल्या जातात. फक्त एक भोक राहतं, आणि ते मोठं आहे. रेट्रोत बसणारा मॅनेजर सहा महिन्यांनी त्याच माणसांचं अप्रेझल लिहितो. आपल्या आचार्यांनी आलोचना ऐकून प्रायश्चित्त दिलं. पगारवाढ रोखली नाही. सत्य बोलायला लावायचं आणि मग त्याच सत्याचे गुण कापायचे, असं जिथं चालतं तिथं पोरं गप्प बसतात, यात दोष सगळा पोरांचा नाही.

तरी सगळा दोष वातावरणावर टाकून मोकळं होता येत नाही. त्याच ग्रंथात आलोचनेचे दहा दोष सांगितले आहेत, म्हणजे दोष कबूल करतानाही माणूस कशी चलाखी करतो त्याची यादी. दुसऱ्यांनी पाहिलेले तेवढेच दोष सांगायचे, न पाहिलेले गिळायचे. लहान दोष सांगायचे, मोठे झाकायचे. आणि ‘शब्दाकुलित’ : पाक्षिक, चातुर्मासिक, सांवत्सरिक अशा वेळी सगळेच एकदम आपले दोष बोलत असतात, त्या गलबल्यात आपलाही दोष पुटपुटून टाकायचा. सांगितला असं होतं आणि ऐकू कुणालाच जात नाही.

लेक हे ऐकून हसत सुटली. “आई, हा तर आमचा रेट्रो बोर्ड! तीस चिठ्ठ्यांत माझी एक, ‘रिव्ह्यू अजून चांगले व्हायला हवेत’.”

हसले मीही, पण मला ते जास्त लागलं. अनंत चतुर्दशीनंतरच्या क्षमावाणीला मी दरवर्षी मोबाईलवरून सगळ्यांना एकच संदेश धाडते. कळत-नकळत, मनानं, वचनानं, कायेनं झालेल्या चुकांबद्दल उत्तम क्षमा. बस्तीत हात जोडून समोर येईल तिला म्हणते. त्या सुनेलाही एकोणीस वर्षं म्हणत आले. कशाबद्दल, हे एकदाही सांगितलं नाही. याहून शब्दाकुलित ते काय असतं?

मग प्रश्न उरतो हिशोबाचा. कोड लिहिला मुलानं, हिरवी खूण हिची. चूक कुणाची किती?

आपण जपमाळेचे 108 मणी ओढतो. त्यांचा एक हिशोब तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार केला की 108. त्यातलं कृत, कारित, अनुमत हे त्रिकूट मला या प्रश्नाची किल्ली वाटतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान्यता दिलेलं, ज्याला आपण अनुमोदना म्हणतो. तिन्ही कर्मबंधाची दारं. एका दारानं एक आत शिरला म्हणून दुसरं दार बंद होत नाही.

हे किती खरं आहे, ते नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर दलाली कंपनीच्या उदाहरणावरून कळतं. 1 ऑगस्ट 2012 रोजी बाजार उघडला आणि 45 मिनिटांत कंपनीचे 44 कोटी डॉलरहून जास्त बुडाले. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एका तंत्रज्ञाकडून तो आठव्यावर चढवायचा राहिला. तिथं 2003 पासून न वापरलेला जुना भाग तसाच पडून होता, तो जागा झाला आणि नको त्या ऑर्डरी धडाधड सुटू लागल्या. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं चौकशीचा निकाल दिला. आठवा सर्व्हर विसरला तो एक माणूस, हे झालं कृत. पण दुसऱ्या कुणी येऊन तपासावं असा नियमच कंपनीनं केला नव्हता, आणि जुनी अडगळ इतकी वर्षं काढून टाकली नव्हती. विसरणाऱ्याला विसरू दिलं, हे मी कारितात धरते. आणि त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या यंत्रणेनं बिघाडाचा उल्लेख असलेले 97 ई-मेल आपणहून पाठवले होते. कुणी त्यांची दखल घेतली नाही. पंडित म्हणतील, न वाचणं म्हणजे काही शुद्ध अनुमोदन नव्हे. मान्य. पण आपल्या बायकांच्या अनुभवात निम्मी अनुमोदनं अशीच होतात. आपण ‘हो’ म्हणत नाही, फक्त तिकडे बघत नाही.

त्या एका तंत्रज्ञाला काढून टाकलं असतं तर पुढचा माणूसही कधीतरी आठवा सर्व्हर विसरलाच असता. म्हणून कर्थ यांचं सूत्र मला आता पटतं : दुसऱ्याकडे बघताना त्यानं उत्तमच केलं असं धरून चाला, म्हणजे नियमातलं भोक दिसेल. आणि आपल्या आचार्यांचंही पटतं : स्वतःकडे बघताना तिन्ही दारं उघडून बघा. घोटाळा होतो तो दिवे उलटे धरल्यावर. दुसऱ्यासाठी कृत-कारित-अनुमोदनेचा दिवा आणि स्वतःसाठी ‘मी माझ्या परीनं केलं’ची मंद समई.

मी लेकीला एवढंच म्हटलं, “त्याच्या वाट्याचं तू लिही, पण तुझ्या वाट्याचं आधी.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मी तो कोड बघत होते ना, त्या गुरुवारी संध्याकाळी आपल्याला साखरपुड्याला जायचं होतं. दारात उभी राहून ‘आटप गं, किती वेळ ते’ असं कोण म्हणत होतं?”

मी म्हणत होते. तीनदा. कारिताचं दार माझ्याच घरात निघालं. तिनं ते आरोप म्हणून काढलं नव्हतं, हिशोब म्हणून काढलं होतं, आणि हिशोब बरोबर होता.

तिनं मॅनेजरला लिहिलं, ते मला वाचून दाखवलं. चार वाक्यं होती. मुलगा शिकाऊ आहे, मेहनती आहे. ही बाब त्याच्याकडून सुटली. कोड तपासायची जबाबदारी माझी होती आणि मी तो पूर्ण न वाचता मान्य केला. त्याच्याबद्दल ठरवताना हे धरून ठरवावं. पुढच्या रेट्रोत तिनं हेच तोंडानं सांगितलं. क्षणभर कुणी बोललं नाही म्हणे. मग एक जुना इंजिनिअर म्हणाला, मीही गेल्या महिन्यात दोन असेच पास केले. आणखी एकजण बोलला. शेवटी त्यांनी नियम केला, की तपासायला पाठवायचा बदल लहान लहान तुकड्यांत पाठवायचा, चारशे ओळींचा गठ्ठा नाही. आणि पैशांशी संबंधित भाग दोघांनी बघायचा. याला आपल्याकडे प्रत्याख्यान म्हणतात, पुढं न करण्याचा निश्चय. इथं मात्र ती पोरं आपल्यापुढं आहेत, हे मला कबूल केलं पाहिजे. आपण निश्चय मनात करतो. ती तो भिंतीवर लावतात आणि दोन आठवड्यांनी विचारतात, पाळला का?

मुलाची नोकरी पक्की झाली. हिच्या अप्रेझलमध्ये ‘तपासणीत अधिक लक्ष हवं’ असा एक शेरा आला. मॅनेजर म्हणाला, तू लिहिलं नसतंस तर मला लिहावं लागलं नसतं. ती दोन दिवस धुसफुसली. तिचं खरं बोलणं महागात पडलं, हे मी झाकून ठेवणार नाही. खरं बोलल्यावर सगळं गोड होतं, असं सांगणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

राहिले मी. दशलक्षण सुरू व्हायला आठ दिवस होते. दुपारची वेळ बघून मी त्या सुनेच्या घरी गेले. आता ती सून कसली. चहा ठेवायला ती उठली, मी तिला बसवलं आणि सांगितलं. त्या दिवशी शोधन माझ्याकडे होतं. मी ताट नीट बघितलं नव्हतं. माझं लक्ष दारात होतं. तुला बोलणी बसली तेव्हा मी तिथंच होते आणि मी गप्प राहिले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “वहिनी, मी त्या दिवसापासून केस धुतले की तीनदा झाडते. अजून.” आणि थोड्या वेळानं, “एवढी वर्षं लागली होय?”

तिनं क्षमा केली, असं मला म्हणवत नाही. चहा दिला. दारापर्यंत सोडायला आली.

यंदा चातुर्मासात चौका लागला तेव्हा डाळ तिनं केली. शोधनाला मला बसवत होते, तर मी म्हटलं, दोघी बसू. ती एका बाजूनं, मी एका बाजूनं. दारात पडगाहनाची धांदल सुरू झाली, महाराज आले आले असा आवाज झाला, तशी माझी मान वळायला लागली. तिनं नुसतं माझ्या मनगटाला बोट लावलं.

मी परत ताटात बघितलं.